पाच आसने, सहा माणसे : कौटुंबिक मोटारप्रवासाच्या तयारीचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

स्वतःच्या मोटारीने कुटुंबासह लांबचा प्रवास करताना सोबत काय घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता घरातल्या यादीपुरता वाटतो. परंतु त्यावर वाहन अभियंते, रस्ते सुरक्षेचे अभ्यासक, बालरोगतज्ज्ञ, परिवहन खाते आणि मोटारीच्या सुट्या वस्तूंचा बाजार असे सगळेच आपापल्या बाजूने बोलत असल्यामुळे त्याला आता एका लहानशा वादक्षेत्राचे रूप आले आहे. प्रस्तुत आढाव्यात महाराष्ट्रातील कुटुंबे मे महिन्याच्या सुट्टीत, गणपतीत किंवा दिवाळीत ज्या रस्त्यांनी जातात, त्या रस्त्यांच्या संदर्भात या वादाची मांडणी केली आहे.

या वादात दोन भूमिका ठळक आहेत. पहिलीनुसार प्रवासात केव्हाही काहीही बिघडू शकते, म्हणून दुरुस्तीची अवजारे, जादा पाणी, शिधा, दोरखंड आणि विजेरी असा सरंजाम गाडीत हवाच. दुसरीनुसार खरा धोका गाडी बंद पडण्याचा नसून वेगात असताना ती आदळण्याचा आहे, त्यामुळे तयारीचा अर्थ माणसे आणि सामान जागच्या जागी घट्ट बांधून ठेवणे हाच होतो, आणि सुटा सरंजाम जितका जास्त तितका धोका जास्त. अलीकडे तिसरा सूरही ऐकू येतो : रस्त्यावर सर्व काही मिळते, हातात फोन असतो, तेव्हा हलक्या हाताने निघावे. तिन्ही भूमिकांना आपापल्या काळाचे आणि रस्त्याचे पाठबळ आहे. त्यामुळे आधी तो इतिहास पाहणे सोयीचे ठरेल.

पार्श्वभूमी

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि त्यानंतर कित्येक दशके मराठी मध्यमवर्गाचा लांबचा प्रवास म्हणजे एसटी किंवा रेल्वे असाच राहिला. ज्या थोड्या घरांत अ‍ॅम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी होती, तेथे प्रवासाची तयारी गाडीच्या स्वभावानुसार होई : घाट चढताना इंजिन तापून रेडिएटरमधले पाणी उकळे, म्हणून पाण्याचा डबा असे, पंख्याचा पट्टा तुटे, म्हणून जादा पट्टा असे, टपावरच्या कॅरिअरला वळकट्या आणि ट्रंका दोरीने आवळलेल्या असत. ‘सगळे सोबत हवे’ ही भूमिका या अनुभवातून घडली आहे, आणि तिला केवळ जुनाट ठरवणे अन्यायाचे होईल.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, पुढे बंद शीतनप्रणालीची इंजिने आणि ट्यूबलेस टायर रुळले, आणि वाटेत गाडी बंद पडण्याचे प्रमाण उतरले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. त्याच वेळी पनवेलहून कोकणात उतरणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ चे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडत राहिले, आणि खड्डे, वळणरस्ते व अर्धवट पूल हे त्या वाटेचे वैशिष्ट्य बनले. परिणामी एकाच कुटुंबाला मे महिन्यात वेगाच्या धोक्याची आणि भाद्रपदात खड्ड्यांच्या धोक्याची, अशा दोन निरनिराळ्या तयाऱ्या कराव्या लागतात. एकच यादी सर्व प्रवासांना लागू करण्याचा आग्रह या ठिकाणी पहिल्यांदा लटका पडतो.

टायर, हवा आणि स्टेपनी

तिन्ही भूमिकांचे ज्या एका मुद्द्यावर जवळपास एकमत आहे, तो म्हणजे टायर. मतभेद आहेत ते तपशिलांत. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर हवेच्या दाबाचे आकडे दिलेले असतात, आणि पुष्कळ गाड्यांत ते दोन प्रकारचे असतात : एक-दोन माणसांसाठी कमी आणि पूर्ण भारासाठी जास्त. एरवी कार्यालयात ये-जा करणारी गाडी पहिल्या आकड्यावर चालत असते. पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन निघताना दुसरा आकडा लागू होतो, याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. दाब मोजायचा तो टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतर. कारण चालून तापलेल्या टायरमध्ये तो वाढलेला दिसतो.

उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून आधीच थोडी कमी भरावी, असा समज हवा भरणाऱ्या दुकानांपासून घरोघरी पसरलेला आहे. टायर अभियंते नेमके उलटे सांगतात. दाब कमी असला की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला अधिक दुमडते, त्या दुमडण्याने उष्णता निर्माण होते, रबर आणि आतील धाग्यांचे थर सैल पडतात आणि सलग वेगात टायर फुटतो. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर सिमेंट काँक्रीटच्या पृष्ठभागाला बराच दोष दिला गेला. दुसऱ्या बाजूने कमी हवा, जादा भार, झिजलेले टायर आणि न थांबता गाठलेला वेग यांकडे बोट दाखवले गेले. पृष्ठभागाचा वाटा किती आणि निष्काळजीपणाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. परंतु कुटुंबाच्या हातात असलेली गोष्ट दुसऱ्या यादीतलीच आहे.

टायरच्या भिंतीवरील सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी चार अंक असतात. ‘२३२१’ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असा त्याचा अर्थ. गाडी कमी वापरली गेल्यास खाचा शाबूत दिसतात, पण रबर वयाने कडक झालेले असते. नियमानुसार मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात, आणि ती खोली दाखवणारे लहान उंचवटे खाचांतच बसवलेले असतात. नायट्रोजन भरण्याचा वाद मात्र त्याच्या आकारापेक्षा मोठा केला गेला आहे. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, एवढाच फरक, आणि नियमित दाब तपासणाऱ्याला तो जाणवण्याजोगा नाही.

खरा मतभेद स्टेपनीविषयी आहे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन, ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबावर नजर ठेवणारी प्रणाली आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या हलक्या वाहनांना स्टेपनीतून सूट मिळाली. बाजूने सांगितले जाते की त्यामुळे वजन घटते आणि डिकी मोकळी होते, विशेषतः विजेवरील गाड्यांत. विरोधात असे की दुरुस्तीचा संच टायरच्या रस्त्यावर टेकणाऱ्या भागातील खिळ्याच्या छिद्रापुरताच उपयोगी असतो; खड्ड्याच्या धारदार कडेवर आपटून भिंतच चिरली गेली तर त्या संचाचा काही उपयोग नाही. समृद्धीवर पहिली बाजू पटण्याजोगी आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील माणगाव ते संगमेश्वर या पट्ट्यात पावसाळ्यात जाणाऱ्याने दुसरी मानावी, असे उपलब्ध अनुभवावरून म्हणता येते. अनेक गाड्यांत मिळणारी अरुंद, तात्पुरती स्टेपनी हा मधला मार्ग असून तिच्यावर सामान्यतः ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते.

पट्टा, मूल आणि मांडी

सुरक्षा अभ्यासकांची भूमिका सर्वांत भक्कम आहे ती या विभागात, आणि कुटुंबांचा विरोधही येथेच सर्वांत जास्त आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी आसनपट्टा लावलेला नव्हता आणि त्यांतले निम्मे चालक नव्हे, तर प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागच्या आसनावर पट्टा बांधण्याचा नियम आधीपासूनच होता, पण तो आहे हे अनेकांना त्या घटनेनंतर कळले.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित नसल्यास एक हजार रुपये दंड आहे. बालआसन म्हणजे मुलाच्या वजन-उंचीनुसार बनवलेले, गाडीच्या आसनाला पट्ट्याने किंवा आयसोफिक्स नावाच्या पोलादी कड्यांनी जखडले जाणारे वेगळे आसन. युरोपात प्रचलित असलेल्या मानकानुसार निदान पंधरा महिन्यांपर्यंत मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला असावे लागते, कारण त्या वयात डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. असे आसन एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर ठेवणे घातक असते, कारण फुगणारी पिशवी थेट आसनाच्या पाठीवर आदळते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या तारांकन योजनेत मुलांच्या सुरक्षेला स्वतंत्र गुण असल्याने खरेदीच्या वेळी हा विषय निदान विक्रेत्याच्या बोलण्यात येऊ लागला आहे.

याउलट घरात मानला जाणारा उपाय म्हणजे आईची किंवा आजीची मांडी. तिच्यामागचा विश्वास तपासायला साधा हिशेब पुरतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. आदळून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे धरले, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागेल. कितीही घट्ट धरले तरी हातांना ते शक्य नाही, आणि धरणारी व्यक्ती स्वतः पट्ट्याविना असेल तर तिचे वजनही बाळावरच येते.

तरीही कुटुंबांचे आक्षेप केवळ अज्ञानातून आलेले नाहीत. बालआसन महाग असते. मूल दोन-तीन वर्षांत त्यातून मोठे होते. सवय नसलेले मूल तासभर रडते आणि त्या रडण्याने चालकाचे लक्ष विचलित होते, हाही धोकाच आहे. त्याहून मोठी अडचण जागेची आहे. आजी, आजोबा, आई, वडील आणि दोन मुले असे सहा जणांचे घर आणि पाच पट्ट्यांची गाडी हे चित्र महाराष्ट्रात अगदी सामान्य असून, एक बालआसन बसवले की मागच्या बाकावर दोन प्रौढांनाही ऐसपैस बसता येत नाही. काही घरे यावर व्यवहारी तोड काढतात : वडीलधारी मंडळी कोकणकन्या एक्स्प्रेस या रेल्वेगाडीने पुढे जातात आणि गाडीत मुलांसह चौघेच उरतात. तिकीट मिळेल तेव्हा हा उत्तम मार्ग आहे. गणपतीच्या आदल्या आठवड्यात ते मिळणे ही निराळी गोष्ट.

याच संदर्भात बाजाराच्या वर्तनाची नोंद करणे आवश्यक ठरते. पट्टा न लावता त्याचा इशारा बंद पाडणारे खोटे बकल प्रवासोपयोगी वस्तू म्हणून सर्रास विकले जात होते. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री मंचांना ते हटवण्याचे आदेश दिले. गाडीच्या पुढच्या बाजूस बसवल्या जाणाऱ्या लोखंडी संरक्षक दांड्यांविरुद्ध केंद्राने २०१७ च्या अखेरीस राज्यांना कारवाई करण्यास सांगितले, कारण त्या पादचाऱ्याला अधिक इजा करतात आणि एअरबॅग उघडण्यात व्यत्यय आणू शकतात. ‘उपयुक्त’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू तपासून घ्यावी लागते, हे मान्य करण्यात तिन्ही पक्षांना अडचण नसावी.

डिकी, टप आणि सीएनजीची टाकी

सामानाच्या प्रश्नावर भाराचे गणित क्वचितच मांडले जाते. गाडीचे अनुज्ञेय एकूण वजन आणि रिकामे वजन यांतील फरक, म्हणजे तिची वाहून नेण्याची क्षमता, लहान मोटारींत साधारण सव्वाचारशे किलोच्या आसपास असते. सरासरी ६५ किलोची पाच माणसे बसली की सव्वातीनशे किलो संपतात, आणि उरलेल्या शंभरेक किलोंत बॅगा, पाण्याचे कॅन, येताना घेतलेल्या आंब्याच्या पेट्या असे सगळे बसवायचे असते. आंब्याच्या पेट्या या हिशेबात कधीच धरल्या जात नाहीत.

महाराष्ट्रात सीएनजीवरील मोटारींची संख्या मोठी असल्याने येथे एक खास अडचण उभी राहते. बहुसंख्य जुन्या रचनांत टाकी डिकीत आडवी असते. बॅगा तिच्यावर रचाव्या लागतात, त्या मागच्या काचेच्या निम्म्यावर येतात आणि आरशातून मागचे दिसेनासे होते. जॅक, पाना आणि काही गाड्यांत स्टेपनीही या ढिगाखाली किंवा टाकीच्या आड असते. त्यामुळे रात्री घाटात टायर बसला, तर आधी सगळा संसार रस्त्याच्या कडेला मांडावा लागतो, तोही वाहनांच्या दिशेला पाठ करून. २०२३ पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवण्याची रचना आली आणि ही अडचण त्या गाड्यांपुरती बरीच कमी झाली. इतरांसाठी उपाय साधा आहे : जॅक, पाना, परावर्तक त्रिकोण, विजेरी आणि टोचनासाठीची दोरी ही पाच नगांची पिशवी सर्वांत शेवटी, म्हणजे सर्वांत वर भरावी. त्रिकोण गाडीपासून निदान पन्नासेक पावले मागे ठेवला तरच त्याचा उपयोग. गाडीला टेकवून ठेवलेला त्रिकोण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

माणसे आणि सामान बांधून ठेवण्याचा आग्रह धरणारी दुसरी भूमिका येथे आणखी एक भर घालते. पाच लिटर पाण्याचा कॅन मागच्या काचेजवळच्या फळीवर ठेवला, तर बाळाच्या उदाहरणातील हिशेबाने टक्करीच्या क्षणी तो सुमारे सत्तर किलोच्या जोराने पुढे येतो. म्हणून जड वस्तू खाली आणि आसनाच्या पाठीला टेकून, हलक्या वर, आणि माणसांच्या डोक्यांमागे काहीच नाही, असा क्रम सांगितला जातो. काच फोडण्याच्या हातोडीबद्दलही अर्धवट माहिती फिरते : ती बाजूच्या कडक काचेच्या कोपऱ्यावर चालते, समोरची काच दोन थरांमध्ये पडदा असलेली असल्याने तडकते, पण फुटून मोकळी होत नाही.

शिदोरी आणि गाडी लागणे

खाण्यापिण्याच्या तयारीत वाद सौम्य आहेत. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, गूळपोळी, चिवडा अशी कोरडी, टिकाऊ शिदोरी सोबत नेण्याची रीत पाणी आणि ओला मसाला टाळण्याच्या शहाणपणावर उभी आहे. ढाब्यांच्या सोयीमुळे ती मागे पडली. समृद्धीवर मात्र सुरुवातीच्या काळात पेट्रोलपंप, उपाहारगृहे आणि स्वच्छतागृहे यांची वानवा असल्याने तिची पुन्हा गरज भासली. ‘रस्त्यावर सगळे मिळते’ या भूमिकेला सर्वांत नव्या रस्त्यानेच उत्तर दिले, हे लक्षणीय आहे.

गाडी लागण्याचा प्रश्न आंबोली, कुंभार्ली, ताम्हिणी यांसारख्या घाटांत मुलांच्या बाबतीत हमखास येतो. आतील कान वळण आणि चढउतार नोंदवत असतो, तर डोळे गाडीच्या आतल्या स्थिर वस्तूंकडे किंवा फोनच्या पडद्याकडे पाहत असतात. या दोन संदेशांतील विसंगतीमुळे मळमळ सुरू होते, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणून मूल शांत राहावे यासाठी आसनाच्या मागे बसवलेला टॅबलेट घाटात नेमका उलटा परिणाम करतो. खिडकीतून दूरवर पाहणे, निघण्यापूर्वी हलके खाणे आणि थोडी खिडकी उघडणे हे उपाय सर्वमान्य आहेत. आलेपाक व आवळासुपारी यांचा अनुभव घरोघरी सांगितला जातो, त्यांपैकी आल्याच्या उपयोगाला काही वैद्यकीय आधारही आहे. उलटीवरील गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे त्या चालकाने घेऊ नयेत आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नयेत.

कागदपत्रे, पथकर, नकाशा

येथे फारसा वाद उरलेला नाही. २०१८ च्या नियमबदलानंतर परवाना, नोंदणी, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे डिजिलॉकरसारख्या अधिकृत माध्यमातून दाखवता येतात. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी तीन हजार रुपयांचा, २०० फेऱ्यांपर्यंतचा वार्षिक पास मिळू लागला, पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, समृद्धीवर किंवा मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर नाही. फोनवरील नकाशा घाटात संपर्क तुटताच अडखळतो, त्यामुळे तो आधी उतरवून ठेवावा. ११२, १०८ आणि राष्ट्रीय महामार्गांसाठीचा १०३३ हे मदतीचे क्रमांक फोनमध्येच नव्हे, तर कागदावरही असलेले बरे.

काय अनिर्णित आहे

मुलांना ऊन लागू नये म्हणून खिडकीला लावायच्या जाळ्यांची कायदेशीर स्थिती पुरेशी स्पष्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवर कोणत्याही गडदपणाची काळी फिल्म लावण्यास मनाई केली. काढता-घालता येणारी जाळी त्याच मनाईत मोडते की नाही, याचे उत्तर नाक्यागणिक बदलते. टपावरील कॅरिअरचेही तसेच आहे : वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यास कलम ५२ मज्जाव करते, पण दोन बोल्टांनी बसवलेला आणि परतल्यावर उतरवलेला कॅरिअर हा ‘बदल’ मानायचा का, यावर एकवाक्यता दिसत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न भाड्याच्या गाडीचा आहे. सहा-सात माणसांचे घर पाच आसनांत मावत नाही, तेव्हा बहुतेक कुटुंबे चालकासह एर्टिगा किंवा इनोव्हा ठरवतात, आणि पट्ट्यांची संख्या त्यामुळे पुरेशी होते. परंतु अशा गाडीत बालआसन सहसा नसते, ते कोणी आणायचे हे भाडे ठरवताना बोलले जात नाही, आणि कलम १९४ ब मधील मुलासंबंधीची जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावर किंवा ती तशी चालवू देणाऱ्यावर येते. ज्या चालकाचे दिवसाचे उत्पन्न त्या भाड्यावर अवलंबून आहे, त्याने मूल मांडीवर घेतलेल्या पाहुण्यांना ‘आधी पट्टा, मग गाडी’ असे सांगावे की नाही, आणि दंड झाल्यास तो कोणी भरायचा, याबाबत गाड्या भाड्याने देणाऱ्यांमध्ये आजवर कोणतीही सर्वमान्य रीत रूढ झालेली नाही.